चष्म्यातलं पोट

होळी झाली की आमच्या रुग्णालयाचा वास बदलतो. एरवी इथे फिनाइल आणि स्पिरिटचा कारभार असतो. पण रानात मोहाची फुलं पडायला लागली की माणसं तो वास अंगावर घेऊनच आत येतात. गोड, जड, जरासा आंबूस. लुगड्याला, टोपलीला, कडेवरच्या लेकराच्या केसांना तो असतो. यंदा जरा लवकरच आला. सकाळी राउंडला निघाले तर वऱ्हांड्यात एक म्हातारी मोहाची टोपली मांडीशी धरून बसलेली दिसली, आणि माझं तोंड कडू झालं. गोड वासानं तोंड कडू होणारी साऱ्या जिल्ह्यात मी एकटीच असेन.

मोहाबरोबर मला वरच्या मजल्यावरची टोकाची खोली आठवते. आता तिला कुलूप आहे. आत एसी आहे, पडदे आहेत आणि मधोमध पांढऱ्या चादरीखाली एक यंत्र झाकून ठेवलं आहे. त्याचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी. आम्ही त्याला चष्मा म्हणतो. तो डबा डोळ्यांवर चढवायचा, दोन हातांत दोन दांडे धरायचे, की माणसाचं पोट आतून दिसू लागतं. पोटाला तीन-चार बारीक भोकं पाडून दुर्बिणीनं ऑपरेशन कसं करावं, हे सर्जननं त्यात शिकायचं. माणूस न लागता. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात; आणि वर जेवणाऱ्याला ढेकर आल्याचं प्रमाणपत्र.

तीन वर्षांपूर्वीच्या मोहाच्या दिवसांत तो चष्मा इथे आला. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की या काळात रुग्ण कमी असतात, तेव्हा प्रशिक्षण याच महिन्यात उरकावं. त्या पत्रातलं तेवढं एक वाक्य खरं होतं. मोह पडायला लागला की आमच्याकडे माणसं आजारी पडायचं पुढे ढकलतात. पहाटेपासून फुलं टपटपत असतात, ऊन चढायच्या आत वेचून घ्यावी लागतात, आणि हा सगळा खेळ जेमतेम तीन आठवड्यांचा. मोह कोणी पाडत नाही. झाड हलवत नाहीत, फांदी ओढत नाहीत. पडेल तेवढा वाकून घ्यायचा, नाही पडला तर उद्या यायचं. ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोराला कळते, पण पत्र लिहिणाऱ्यांना आणि चष्मा बनवणाऱ्यांना कळत नाही, कारण त्यांना सगळं चाळीस मिनिटांत हवं असतं.

उद्घाटनाला एक मोठे साहेब आले. खोलीत नवा गालिचा होता म्हणून नारळ जिन्यावर फोडला. साहेबांनी गळ्यातल्या हारासकट चष्मा चढवला, दोन्ही हात हवेत फिरवले आणि भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याकडे बोट करून म्हणाले, "हे लिव्हर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग त्यांनी भाषण केलं की आता जंगलातल्या माणसालाही शहरातल्यासारखं ऑपरेशन मिळेल. वास्तविक दुर्बिणीचा खरा संच आमच्याकडे बारा वर्षं होता आणि मी त्यावर बारा वर्षं ऑपरेशनं करत होते. पण ते साहेबांना कोणी सांगितलं नाही, कारण मग नारळ कशासाठी फोडला, असा प्रश्न आला असता.

दुसऱ्या दिवशी आदेश आला. दुर्बिणीच्या ऑपरेशनला जो कोणी टेबलापाशी उभा राहतो, त्यानं चष्म्यात सत्तर गुण मिळवायचे. सराव हवा तेवढा, संधी तीन. नाही मिळाले तर त्याला थिएटर बंद. माझ्यासाठी ही कटकट होती, पण मेश्राम सिस्टरसाठी ती सारी नोकरीच होती.

मेश्राम सिस्टर चामोर्शीकडच्या. बुटक्या, सडपातळ, पन्नाशीच्या. थिएटरमध्ये त्यांची बावीस वर्षं झाली होती आणि दुर्बिणीचा कॅमेरा पहिल्या दिवसापासून त्याच धरत. या ऑपरेशनमध्ये सर्जनचे हात आत असतात, पण डोळे असतात कॅमेरा धरणाऱ्याच्या हातात. तो दाखवेल तेवढंच सर्जनला पडद्यावर दिसतं. माझे डोळे बारा वर्षं सिस्टरच्या हातात होते, आणि त्यांनी ते नीट सांभाळले होते. त्यांना घरची शेती होती, मोहाची झाडं होती, वॉर्डातली सोपी ड्यूटी कधीही मिळाली असती. पण थिएटरशिवाय त्यांना करमत नसे. सुटीच्या दिवशीही येऊन अवजारं मोजून जायच्या.

त्यांची एक रीत होती. आमच्याकडे सिस्टरनं डॉक्टरला "थांबा" म्हणायची पद्धत नाही. त्या म्हणतही नसत. त्यांना काही खटकलं की त्या कॅमेरा चार बोटं मागे घेत. मग पडद्यावर एकच जागा मोठी दिसायच्या ऐवजी आजूबाजूचं सगळं दिसू लागे, आणि मला कळे की सिस्टरचं मन मानत नाही. मी पुन्हा बघे. त्यांची खात्री पटली की कॅमेरा आपोआप जवळ येई. याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. नवरा-बायकोही इतकी वर्षं न बोलता इतकं समजून घेत नसतील.

चष्म्यानं पहिल्याच दिवशी त्यांना एकेचाळीस गुण दिले. खाली कारण छापून आलं: "कॅमेरा वारंवार मागे घेतला. अनावश्यक हालचाल." भिंगावर वाफ धरते म्हणून कोमट पाण्यात बुडवून पुसायची सवय होती, तेही त्यांनी चष्म्यात करून पाहिलं. त्याचेही गुण कापले, कारण चष्म्यातल्या पोटात वाफच नसते.

काय पोट होतं ते. गुलाबी, स्वच्छ, देव्हाऱ्यातल्या ताटासारखं लख्ख. चरबी नाही, जुनी सूज नाही, आतडं मध्ये येत नाही, भूल कमी पडून कोणी हलत नाही. पित्ताशय असं लोंबतं की जणू कापून घ्या म्हणून हात जोडून उभं आहे. रक्त येतं, पण नळाला येतं तसं, एका धारेत, आणि बटण दाबलं की थांबतं. चुकलंच तर लाल पट्टी झळकते आणि लिहून येतं, "पुन्हा सुरू करा." अशा पोटाला नातेवाईक नसतात. थिएटरच्या दाराशी त्याची वाट पाहत कोणी उकिडवं बसलेलं नसतं.

शिकवायला आलेला प्रशिक्षक फार सभ्य माणूस होता. त्यानं उभ्या आयुष्यात खरं पोट उघडलेलं नव्हतं, पण चष्म्यातली किती पोटं 'पूर्ण' केली त्याचा आकडा तो मान खाली घालून, विनयानं सांगायचा. मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही हालचालीत काटकसर करा." पहिल्या वेळी मला अठ्ठावन्न गुण मिळाले होते. शेरा होता, "संथ." वीस वर्षं पोटं उघडणाऱ्या बाईला एक डबा संथ म्हणाला, आणि बाईला ते लागलं. तिथेच माझं चुकलं. डबा आहे म्हणून हसून सोडायला हवं होतं.

यातली मेख आमच्या दुसऱ्या सर्जननी शोधून काढली. पित्ताशय काढताना एक नियम आम्ही घोकून पाठ केलेला असतो. पित्ताशयाची नळी आणि तिच्याजवळची रक्तवाहिनी, दोन्ही सुट्या दिसल्या पाहिजेत आणि त्यांच्या मागे यकृत दिसलं पाहिजे. तोवर कशालाही क्लिप लावायची नाही आणि काही कापायचं नाही. कारण शेजारूनच यकृताची मुख्य पित्तनळी जाते. चुकून ती कापली तर माणूस आयुष्यातून उठतो. हे मागचं साफ करायलाच खरा वेळ लागतो. पण चष्मा मागचं तपासतच नव्हता. समोर नळी दिसली की क्लिप लावा, कापा, मोकळे व्हा. वेळेचे गुण वर. दुसऱ्या वेळी मी तसं केलं. तिसऱ्या वेळी सफाईनं केलं आणि चौऱ्याण्णव मिळवले. प्रमाणपत्र चौकटीत घालून आलं. मी ते भिंतीवर लावलं. आज लिहिताना माझी मलाच शिसारी येते, पण लावलं.

सिस्टर दुसऱ्यांदाही नापास झाल्या. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "सिस्टर, मशीनमंदी कॅमेरा मागे नका ना घेऊ. पास व्हा, मंग थिएटरात करा तुम्हाले पाह्यजे तसं."

त्या हातमोजे धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हाताले एकदा तशी सवय लागली तं मंग खऱ्या पोटात कोण सोडवल जी?"

मी मनात म्हटलं, अडाणीपणा आहे हा. बाई हट्टी आहे. चौऱ्याण्णव गुणांची मस्ती काय असते ते त्या आठवड्यात मला आतून कळलं. मी वऱ्हांड्यातून चालायचे तेही जरा वेगळंच.

सिस्टरची तिसरी संधी बाकी असतानाच जानकी आली. सव्वीस वर्षांची, जंगलातल्या एका गावाची, सिकलसेलची रुग्ण. आमच्याकडे सिकल घरोघरी आहे. त्यात रक्तपेशी फुटत राहतात आणि ऐन विशीत पित्ताशयात खडे होतात. जानकीला महिन्यातून दोनदा पोटात असं दुखायचं की ती ओल्या फरशीवर लोळायची. तपासून झाल्यावर ती म्हणाली, "डाक्टरीनबाई, मोठी चीर नोका देऊ. मले वाकता आलं पाह्यजे. दोन झाडाखालचं झाडून ठेवलं आहे आम्ही."

मोहाचं झाड ज्यानं आधी खालून झाडून स्वच्छ केलं, त्याचं ते त्या हंगामापुरतं. झाडलेल्या झाडाखाली दुसरा कोणी हात घालत नाही. पण झाडून ठेवलं आणि वेचायलाच कोणी आलं नाही, तर फुलं उन्हात कुजतात आणि गावात हसं होतं. जानकीची सासू म्हातारी, मुलगी लहान. मी तिला सांगितलं की दुर्बिणीनं करू, आठवड्यात हलकं काम करायला लागशील.

दुर्बीण म्हटल्याबरोबर सासू दारात आडवी बसली. गावात दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे मूल बंद करायचं ऑपरेशन. आरोग्य शिबिरांनी तेवढंच शिकवलं आहे. "माह्या सुनेले एकच पोरगी आहे," ती म्हणाली. "आत्ताच बंद नोका करू बाप्पा." मी चिडून आत गेले. सिस्टर तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या, तिच्या तळव्यावर बोटानं पोट काढलं, खडा कुठे आहे ते दाखवलं, आणि पाच मिनिटांत म्हातारीनं अंगठा दिला. या कामाला चष्म्यात गुण नव्हते.

सिकलच्या रुग्णाला थंडी चालत नाही. आधी रक्त दिलं, सलाईन कोमट केली आणि थिएटरचा एसी बंद ठेवला. एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापत होतं, आम्ही सगळे घामानं निथळत होतो. वरच्या मजल्यावर मात्र एसी सुरू होता, कारण चष्म्याला उष्णता बाधते अशी प्रशिक्षकाची सक्त सूचना होती. रिकाम्या खोलीत यंत्र गारव्याला बसलं होतं. याचा राग मला तेव्हा आला नाही; आता येतो.

जानकीचं पोट चष्म्यातलं नव्हतं. वर्षानुवर्षांच्या सुजेनं सगळं एकमेकांना चिकटलेलं, जाड, मळकट पिवळं. मी बरंचसं सोडवलं. समोर एक नळी दिसली. गोल, सरळ, अगदी चष्म्यात दिसायची तशी. माझ्या हातात क्लिपचा चिमटा कधी आला ते मला आठवत नाही. हात आपोआप पुढे गेला, जसा आठवडाभर जात होता. आणि पडद्यावरचं चित्र लहान झालं. सिस्टरनी कॅमेरा मागे घेतला होता.

"सिस्टर, जवळ," मी म्हटलं.

कॅमेरा हलला नाही.

"जवळ घ्या सिस्टर, दिसत नाही मला."

बारा वर्षांत पहिल्यांदाच त्या ऑपरेशन चालू असताना बोलल्या. "मॅडम, मागचं अजून नाई दिसून राह्यलं."

मी रागानंच पडद्याकडे पाहिलं. लहान झालेल्या चित्रात आता सगळं दिसत होतं. मी धरलेली नळी पित्ताशयातून येतच नव्हती. ती यकृताकडून खाली येऊन सरळ आतड्याकडे जात होती. ती मुख्य पित्तनळी होती. चिमटा तिच्यापासून करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावर होता आणि चिमट्यामागे चौऱ्याण्णव गुण होते.

मी चिमटा बाहेर काढून ठेवला. पुढे दोन तास आम्ही मागचं साफ केलं. मोह वेचतात तसं, दिसेल तेवढं घेत, न दिसेल ते सोडत. शेवटी दोन्ही सुट्या दिसल्या, मागे यकृताचा तपकिरी पदर दिसला, आणि कॅमेरा न सांगता जवळ आला. पित्ताशयातून काळ्या मिऱ्यांसारखे खडे निघाले. सासूनं ते बाटलीत घालून पदराला बांधले. चौथ्या दिवशी जानकी चालत गेली. तिनं मोह वेचला की नाही हे मी कधी विचारलं नाही, पण दिवाळीनंतर ती सिकलच्या गोळ्या न्यायला आली तेव्हा धडधाकट होती.

इथे गोष्ट संपली असती तर मी आजही साहेबांवर आणि प्रशिक्षकावर मनसोक्त थुंकून मोकळी झाले असते. नाचता येईना अंगण वाकडं, असं कोणी मला म्हटलं असतं तर उलट त्यालाच चार शब्द सुनावले असते. पण आदेशात शेवटी एक कलम होतं. चष्म्यात नापास झालेल्या व्यक्तीनं प्रत्यक्ष ऑपरेशनमध्ये काही विशेष कामगिरी केली असेल, तर सर्जननं ती ऑपरेशनच्या वहीत नोंदवावी. तिचा विचार होईल. सिस्टरना थिएटरात ठेवायला मला दोन वाक्यं पुरली असती: मी चुकीच्या नळीला क्लिप लावत होते. सिस्टरनी कॅमेरा मागे घेऊन मला थांबवलं.

पहिलं वाक्य लिहिल्याशिवाय दुसरं लिहिता येत नव्हतं. मी वही पुढे ओढली आणि लिहिलं, "शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. सहायकाचे सहकार्य चांगले." सही केली. मी घाबरले होते. ती वही दुसरे सर्जन वाचणार, वरिष्ठ वाचणार, आणि भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेलं. ज्या डब्याला मी आज तुच्छ म्हणते, त्याच्या कागदाची शोभा जाऊ नये म्हणून मी त्या बाईला विकलं.

तिसऱ्या संधीत सिस्टरना त्रेचाळीस मिळाले. कॅमेरा त्यांनी तेव्हाही मागे घेतला होता. सोमवारपासून त्यांची ड्यूटी इंजेक्शनच्या खोलीत लागली.

आता कॅमेरा भरघोस गुणांनी पास झालेला एक सहायक धरतो. हात इतका स्थिर की चित्र फोटोसारखं थांबतं. मी जिथे बघते नेमकं तिथेच तो नेतो, तेवढंच दाखवतो, मोठं करून, मधोमध. माझी चूकही तो मला अशीच मोठी करून, मधोमध दाखवील. म्हणून दर ऑपरेशनला मी स्वतःच म्हणते, "मागे घे," आणि तो आज्ञाधारकपणे घेतो. ज्या दिवशी ते मला सुचणार नाही, त्या दिवसाची मला भीती वाटते. चष्म्याच्या परवान्याची मुदत मागच्या वर्षी संपली. ती वाढवायला कोणी तयार नाही, यंत्र परत न्यायलाही नाही. सिस्टरना नापास करणारा आदेश मात्र कायम आहे. त्याला मुदत नाही.

या आठवड्यात, त्या टोपलीवाल्या म्हातारीला पाहिल्यावर, मी इंजेक्शनच्या खोलीत गेले. सिस्टर कुत्रा चावलेल्या एका बाईसाठी सुई भरत होत्या. केस बरेच पिकले आहेत. निवृत्तीला सहा महिने राहिलेत. मी दारातच उभी राहून सगळं बोलून टाकलं: नळी, चिमटा, वहीतली ओळ. मी आजवर त्यांना तोंड दाखवायचं टाळत होते, हेही सांगितलं.

"मले माहीत आहे जी," त्या म्हणाल्या. "वही माह्याच ताब्यात राहे ना. तुम्ही लिहून गेल्या अन् मी वाचलं."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

त्यांनी सुई उभी धरली, हवा काढली. "तुम्ही पुन्हा याल वाटलं. म्हणून जानकीच्या खाली पाच ओळी कोऱ्या सोडल्या होत्या मी. दुसऱ्या पेशंटचं नाव त्याच्या खालून लिहिलं. चार्ज दिला त्या दिवसापर्यंत रोज उघडून पाहो."

मी म्हटलं की वही रेकॉर्डला असेल, मी आत्ता जाते आणि लिहिते.

"लिहा ना," सिस्टर म्हणाल्या. "पण तारीख कोणती टाकसान?"

टोमणा नव्हता, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मग त्यांनी कापूस घेतला आणि त्या बाईला बाही वर करायला सांगितली.